चेकरची मुलगी

माझ्या वडिलांना इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं. चेक करणे. त्याच्या पुढेमागे इंग्रजी नव्हतं, काळ नव्हता, व्याकरण नव्हतं. दूध चेक करायचं, बियाणं चेक करायचं, बाजारातून निवडून आणलेली वांगी घरी आल्यावर पुन्हा चेक करायची. मी शाळेतून आले की माझं दप्तर चेक करायचं, कारण त्यात दुसऱ्या कुणाची पेन्सिल निघाली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माझी आई म्हणायची, "या मानसानं लग्नात मले सोडून समदं पाह्यलं. आंतरपाट फाटका तं नाही, थे पन पाह्यलं." वडील यावर चिडत नसत. आंतरपाट खरंच एका कोपऱ्यात फाटका होता, असं ते शांतपणे सांगत.

हा शब्द त्यांना दारव्ह्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मिळाला. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनाच्या फाटकावर, सुटीच्या वेळी, बाहेर पडणाऱ्या गड्यांना तपासायला माणूस लागायचा. कुणी धोतराच्या घोळात रुई न्यायचा, कुणी रिकाम्या डब्यात घरच्या म्हशीसाठी सरकी. मॅनेजर बाहेरचा, हिंदी बोलणारा. त्याने वडिलांना फाटकावर उभं केलं आणि सांगितलं, "हर आदमी को चेक करके छोडना." वडिलांनी तो शब्द त्याच दिवशी उचलला. झडती हा शब्द त्यांना ठाऊक होता, पण झडती पोलिसांची, घरात शिरून मडकी उलथी करणारी, आणि ती आमच्या लोकांनी फार वेळा सोसली होती. चेक हा कोरा शब्द होता. तो आमच्यावर आजवर कुणी चालवला नव्हता, आणि आमच्यापैकी तो चालवणारे पहिले वडीलच.

मॅनेजरने नेमकं त्यांनाच का निवडलं, याचा मला तेव्हाही संशय होता. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो होतो. गाव काही त्या वर्षी बदललं नव्हतं. वडिलांचा हात अंगाला लागू नये म्हणून इतर जातींचे गडी फाटकापाशी आले की आपणहून धोतराचा सोगा झटकत, डबा उलटा करून दाखवत, टोपी काढून आतून बाहेर करत. वडिलांना कुणाला हात लावायची वेळच येत नसे. चोरी कमी झाली आणि मॅनेजर खूश झाला. वडील जेवताना हसत सांगायचे, "मले पाहून लोक आपले आपनच चेक होऊन राह्यले." आम्ही पोरंही हसायचो. हसून झाल्यावर त्यांचा घास मात्र थोडा वेळ हातातच राहायचा.

पुढे मी मॅट्रिक झाले आणि यवतमाळला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले. तिथल्या वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. तो कपाटात कुलपात असायचा आणि मागितला की ग्रंथपाल आधी मागणाऱ्याचे हात पाहायचे. मी तो पहिल्यांदा मागितला तो वडिलांच्या शब्दासाठी. मला वाटलं होतं, तपासणे, पडताळणे, असं दोन ओळींत संपेल. पण त्या शब्दाने पानभर जागा अडवली होती, आणि मूळ म्हणून जे दिलं होतं ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हताच. तो फारसीतला शाह, म्हणजे राजा. बुद्धिबळाच्या पटावर राजावर हल्ला झाला की खेळणारा म्हणायचा, शाह. आपण शह म्हणतो तो हाच. अरबांच्या तोंडून तो पश्चिमेकडे गेला, फ्रेंचांनी त्याला आपल्या वळणाने वाकवलं, आणि इंग्रजांच्या घरी पोचेपर्यंत त्याचा चेक झाला होता. आधी तो पटापुरताच होता. मग पटावरचा राजा अडतो तसं कुणालाही अडवणं, रोखून धरणं, यालाही तोच शब्द लागू झाला. हिशेब ताडून पाहणं, खरं-खोटं करणं, हे फार नंतरचं. चौकड्यांचं कापड पटासारखं दिसतं म्हणून ते चेक्स. बँकेतला चेकही त्याच घराण्यातला. कुणी लबाडी केली तर पकडता यावी म्हणून जो तुकडा मागे ठेवून घेत, त्याच्यावरून त्याला नाव पडलं.

शब्दांची कुळं सांगणाऱ्यांवर माझा पटकन विश्वास बसत नाही. कुळं सांगणाऱ्या कुणावरच बसत नाही, त्याचं कारण वेगळं सांगायला नको. मी दुसरा शब्दकोश मागितला. त्यातही तेच होतं. मग मला संशय आला की दुसऱ्याने पहिल्याचं पाहून लिहिलं असणार. ग्रंथपालांना तसं बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "तुम्ही कोणत्या खात्यात जाणार आहात, शिक्षण की पोलीस?" तो प्रश्न मला आवडला.

सुटीत घरी आल्यावर मी वडिलांना सांगितलं, तुमचा शब्द राजाचा आहे. ते खाटेवर बसून दोरी वळत होते.

"कोन्या राजाचा?"

"इराणच्या."

"मंग तो दारव्ह्याच्या जिनात कायले आला?" मग म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक कोनं छापलं?"

मी कपाळाला हात लावला. पण हाच प्रश्न मीही विचारला होता, फक्त ग्रंथपालांना आणि शुद्ध भाषेत. तेवढाच आमच्यातला फरक. मग मी त्यांना बुद्धिबळातली रीत सांगितली. शह दिला तर तो तोंडाने बोलून द्यायचा, समोरच्याला कळलं पाहिजे की तुझा राजा अडचणीत आहे, न सांगता राजा मारत नाहीत. वडिलांनी दोरीला पीळ दिला आणि म्हणाले, "सांगून चेक केलं तं सापडन काय?"

त्यांचं हे फाटकापुरतं राहिलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर आमच्या पुऱ्याने, सगळ्या वस्तीने, घरोघरचे देव टोपल्यांत भरून अडाण नदीत नेऊन सोडले. वडील टोपल्यांच्या मागेमागे चालत होते. कुणी सगळे दिले, कुणी एखादा मागे ठेवला, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते काही केल्या निघेना. चहाच्या निमित्ताने ते कुणाच्याही घरी जात, बोलता बोलता कणगीशी उभे राहत आणि ज्वारीत कोपरापर्यंत हात घालत. लोक हसत, काही चिडत, पण अडवत कुणी नव्हतं. एका म्हातारीच्या ज्वारीत त्यांच्या बोटांना पितळ लागलं. त्यांनी ते बाहेरही काढलं नाही. "उद्या येतो," एवढंच म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशी देव तिथे नव्हता. तो नदीत गेला की शेजारच्या कणगीत, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याची रुखरुख त्यांना वर्षानुवर्षं होती.

त्यांना देवांचा राग होता असं मला वाटत नाही. भीती होती. आपल्यातल्या एकानेही मागे वळून पाहिलं तर गाव म्हणेल, पाहा, हे तेच आहेत, नुसता बोर्ड बदलला. ते त्यांना सहन झालं नसतं. त्यांच्या तपासण्याने मला लाज वाटायची, पण ही भीती मला कळत होती, कारण ती माझ्यातही होती.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मला स्थळ आलं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर, घाटंजीच्या पुढे बैलबंडीच्या वाटेने जायच्या एका गावात. घरी तो आणि त्याची विधवा आई, दोघंच. मध्यस्थाबरोबर तो आमच्याकडे आला तेव्हा फार हळू बोलला, आणि हळू बोलणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून संशय. त्याने मला विचारलं, "तुम्ही लग्नानंतर शिकवणार ना?" माझ्या मनात लगेच आलं, याचा डोळा माझ्या पगारावर आहे. तोच पुढे म्हणाला, "आमच्या शाळेत बाई नाही म्हणून लोक मुलींना पाठवत नाहीत, त्यासाठी विचारलं." तरी मी मैत्रिणीच्या मामेभावाकडून चौकशी करवली, मास्तर पितो का, पत्ते खेळतो का. तसलं काही निघालं नाही. न निघाल्याने माझा जीव भांड्यात पडला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मला तो आवडलाय. स्पष्टच सांगते, फार आवडला होता. लग्न करीन तर याच्याशीच, असं मी आईला सांगूनही टाकलं.

वडील म्हणाले, "पोरगा बरा हाये. घर चेक करून येतो."

ते न कळवता गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. आईने पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही. "कनगी पाह्यली, पेटी पाह्यली, बाईचं गठुडं पाह्यलं. साफ हाये. पन एक भिताड हाये."

"भिताडाले काय झालं?" आईने विचारलं.

"कोनाडा बुजवेल हाये. देवाचा कोनाडा." त्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "देव गेले तं लोक कोनाड्यात कंदील ठेवते, पुस्तकं ठेवते. बुजवते कोन? ज्याले काई झाकाचं हाये तो. म्या तिले म्हनलं, हे फोडा, मंग पोरगी देतो. ते नाही म्हनली."

"मंग?"

"मंग काय? उठून आलो."

लग्न तिथेच अडलं. मी रडले नाही, संतापले. कुणाच्या घरी न सांगता जायचं, त्या बाईच्या कपड्यांचं गाठोडं सोडायचं आणि वर तिची भिंत फोडायला सांगायची, हे कोणत्या धम्मात बसतं, असं मी वडिलांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "साफ असती तं फोडली असती." मी तणतणत मागच्या अंगणात गेले. पण तिथे एकटी बसले तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली. साफ असती तर खरंच का फोडली नाही? कुठेतरी पाणी मुरतंय असं मलाही वाटायला लागलं, आणि वडिलांपेक्षा जास्त राग मला माझा आला.

मध्यस्थ निरोप घेऊन आला तेव्हा कळलं की मास्तरलाही काही माहीत नव्हतं. तो शिकायला बाहेर असताना आईने एकटीने तो कोनाडा बुजवला होता. आता त्याने विचारलं तर ती ताकास तूर लागू देईना. म्हणजे आता मुलगाही आईकडे संशयाने पाहायला लागला होता. त्या घरात वडील उणीपुरी एक दुपार बसले होते, आणि तेवढ्यात ही लागण तिथे करून आले होते.

त्या बाईचा निरोप वेगळाच होता. मध्यस्थाने तो तिच्याच शब्दांत सांगितला. "पोरीले घेऊन या म्हना. नांदाचं तिले हाये. फोडाचं तं तिनं फोडावं."

यात काही डाव असणार, असं वडिलांना वाटलं. लग्नाआधी मुलीने त्या घरी जायचं, हे आईलाही पटत नव्हतं. तरी आईच म्हणाली, "जाऊ द्या तिले. तिच्या डोयानं पाहू द्या." शेवटी वडील आणि मी एसटीने घाटंजीला गेलो आणि तिथून बंडीने. वाटभर मी खांद्यावरचा पदर ओढून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, की आत काही निघालं तर हे स्थळ गेलं, आणि असं दुसरं मिळणार नाही.

घर दोन खोल्यांचं, पांढऱ्या मातीने नुकतंच पोतारलेलं. बाई ठेंगणी, पाठीत किंचित वाकलेली, तोंडावर राग नव्हता, हसूही नव्हतं. तिने आधी पाणी दिलं. वडिलांनी आज प्यायलं. मास्तर दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहायला लागला. समोरच्या भिंतीत ती जागा लगेच दिसत होती. वरून पोतारा घेतला होता तरी तेवढा चौकोन फुगीर होता, आणि आडव्या बोटांचे ठसे मातीच्या गाऱ्यात तसेच वाळले होते. भिंतीला सब्बल, लोखंडाची पहार, टेकवून ठेवलेली होती.

"घे माय," बाई मला म्हणाली आणि सब्बल माझ्या हातात दिली. ती मला वाटली त्याहून जड होती.

मी आधी बोटाने भिंतीवर टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला. वडिलांनी मान हलवली, पाहा, अशा अर्थाने. मी सब्बल हातात तशीच धरून मागे वळले आणि त्या बाईला विचारलं, "आत काय आहे?"

"काईच नाही."

वडील नाकाने हसले. मी म्हटलं, "मग बुजवला कशाला?"

तिने मुलाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "देव म्याच नेले. माह्या हातानं नदीत टाकले, कोनी जबरदस्ती नोयती केली. घरी आलो, कोनाडा खाली. संध्याकाय झाली, दिवा लावला, अन् हात आपलाच तिकडे गेला. लहानपनापासून त्या येळेले हात तिकडेच जाते. देव नाही अन् मी दिवा घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी म्हनलं, आज नाही. तं पुन्हा तेच. पोरगा शिकाले गेलता, घरात कोनी नोयतं. मले कोनाचं भेव नोयतं बाई. माहाच मले भरवसा नोयता. म्हनून बुजवला. आता हात गेला तं भिताडाले लागते, अन् ध्यानात येते."

मास्तरने मान वर केली. वडील म्हणाले, "मंग थे मले तवा काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कुठी? तुमी म्हनलं, फोडा."

मला त्या क्षणी ती बाई फार आवडली आणि वडिलांची फार लाज वाटली. आमच्या घरात आम्ही सगळे डोळ्यांत तेल घालून दुसऱ्याकडे पाहत होतो. ही बाई त्या घरात एकटी राहून स्वतःवर पहारा ठेवत होती, आणि त्याबद्दल तिने कुणाकडून शाबासकीही मागितली नव्हती. मी सब्बल खाली ठेवली.

"काईच नाही तं फोडाले काय जाते?" वडील म्हणाले.

याला उत्तर नसतंच. संशय घेणाऱ्याचा हा प्रश्न नेहमी बिनतोड असतो, मी तो आयुष्यभर ऐकलाय आणि कितीदा तरी विचारलाही आहे. वडील उठले. त्यांनी सब्बल उचलली. मास्तर पुढे झाला, "मामा, राहू द्या," असं काहीतरी म्हणाला, पण त्याचा आवाज इतका हळू होता की तो अडवतोय की परवानगी देतोय हे कळेना. वडिलांनी पहिला घाव घातला. गारा सुटा होता, दगड लहान होते. हातभर भोक पडल्यावर त्यांनी सब्बल बाजूला ठेवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वरती, खाली, दोन्ही कोपऱ्यांत. बाहेर आला तेव्हा हात मनगटापर्यंत काळा झाला होता आणि सदऱ्याची बाहीही. जुन्या दिव्यांची काजळी. बाकी काही नव्हतं.

"साफ हाये," वडील म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांची दया आली. ते खरोखर आनंदात होते. पोरीचं घर त्यांनी स्वतःच्या हाताने पाहून घेतलं होतं, आता कुणी काही बोलू शकणार नव्हतं. "साफ हाये इहीनबाई. पोरगी देली म्या तुमाले." मग हात धुवायला ते अंगणात गेले आणि मास्तर त्यांच्या हातावर पाणी घालायला मागे गेला. बाहेर त्यांचं बोलणं सुरू झालं, लग्न कधी, कुठे, किती माणसं. मला ते सगळं ऐकायला हवं होतं, इतके दिवस मी त्याचीच वाट पाहत होते.

पण घरात अंधार पडायला लागला होता. बाईने कोपऱ्यातला दिवा लावला. मी तिच्याकडेच पाहत होते. ती दिवा घेऊन वळली, आणि तिचा हात उचलला गेला आणि त्या भोकापाशी जाऊन थांबला. भिंत नव्हती. काजळीवर उजेड पडला. ती तशीच उभी राहिली, मग एकदम दिवा खाली ठेवून तिने दोन्ही हात पदरात घेतले. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"माती कुठे आहे?" मी विचारलं.

परसात माती होती. आम्ही दोघींनी मिळून गारा केला. ती दगड देत होती, मी बसवत होते. नव्या लुगड्याचा काठ चिखलात माखला, तो मी नंतर वाटेत पाहिला. भोक मुठीएवढं उरलं तेव्हा मी शेवटचा गोळा घ्यायला खाली वाकले, आणि तेवढ्यात तिचा हात माझ्या बाजूने आत गेला. क्षणभर आत राहिला. मग बाहेर आला. आत जाताना तिची मूठ वळलेली होती की उघडी, मला सांगता येणार नाही. एखाद्या दगडाची बैठक नीट झाली का, ते ती पाहत असेल. काही ठेवत असेल. निरोप घेत असेल. मी गोळा लावला आणि वरून हात फिरवला. ती म्हणाली, "आता जा माय, बाप वाट पाहून राह्यला." तो कोनाडा पुढे माझ्या संसारात कधीच उघडला गेला नाही, आणि मी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

बंडी जोडलेली होती. वडील आधीच चढून बसले होते. मी चढून त्यांच्या समोर बसले तशी त्यांची नजर माझ्या हातांवरच्या ओल्या मातीवर गेली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरलं.

"बुजवतांना मी बाहीर होतो," ते म्हणाले. बंडीवाल्याला त्यांनी हाताने थांबवलं. "आत काई ठेवलं तं नाही तिनं? तू पाह्यलं?"

दाराशी मास्तर कंदील धरून उभा होता. त्याला आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. सगळं ठरलं या आनंदात तो माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहत होता. मी नाही पाहिलं असं म्हटलं असतं, आणि तेच खरं होतं, तर वडील खाली उतरले असते, सब्बल पुन्हा हातात घेतली असती, आणि त्या बाईने या वेळी आम्हाला दोघांनाही घराबाहेर काढलं असतं.

"पाह्यलं," मी म्हणाले. "काई नाही."

वडील माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या तोंडावरचं त्यांना लहानपणापासून वाचता यायचं. मीही नजर खाली केली नाही. बैलांनी दोनदा मान हलवली तेवढा वेळ गेला असेल. मग ते बंडीवाल्याला "हाकल" म्हणाले आणि त्यांनी आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून मला हात पुसायला दिलं. मी खोटं बोलले हे त्यांनी ओळखलं होतं, याबद्दल मला आजही जराही संशय नाही.